घोरणसम्राटाची अर्धांगिनी

“आई, पप्पांचा कुठला दोष तुला आवडतो?”

हा प्रश्न जेवताना विचारून दाखव, अशी पैज माझ्या मैत्रिणीनं, अवंतिकानं भर वर्गात लावली होती. मी काय मागं हटते? विचारला. पप्पांचा घास हातातच राहिला. ‘दोष’ हा शब्द त्यांच्या संदर्भात घरात प्रथमच वापरात आला होता.

आई जरा लाजून म्हणाली, “घोरणं. घोरायला लागले की कळतंय, माणूस घरात हाय. मग मला झोप लागती.”

पप्पा हे तालमीच्या कट्ट्यावर सांगून आले. आमच्या तालमीच्या कानावर गोष्ट गेली की तिचा फलक होतो, ही अध्यक्ष हंबीरकाकांची शिस्त. सकाळी चौकात पप्पा गॉगल लावून झळकले: ‘घोरणसम्राट विजयसिंह यांच्या दोषावर निस्सीम प्रेम करणाऱ्या सौ. वर्षाराणी वहिनींचे हार्दिक अभिनंदन’. खाली शुभेच्छुकांचे फोटो. आईचा फोटो जागेअभावी वगळण्यात आला होता.

पलीकडच्या पेठेला हे सहन होईना. त्यांनी जेवून पडद्याला हात पुसणाऱ्या आकारामकाकांचा दुप्पट मोठा फलक लावला. मग गल्लोगल्ली नवऱ्यांनी दोष जोपासायला घेतले. एकजण नकळत सुधारत चालला होता. त्याच्या गल्लीतल्या मंडळानं त्याला समज दिली. अखेर तालमीनं ‘दोषस्वीकार गौरव सोहळा’ जाहीर केला आणि खातरजमेसाठी समिती आमच्या घरी पाठवली. पप्पा भरपेट जेवून आडवे झाले. ‘आवाज समाधानकारक,’ असा समितीनं एकमतानं निर्वाळा दिला. चहा आईनं केला.

सोहळ्यात आईला शाल मिळाली. हंबीरकाकांनी सहज माइक पप्पांपुढं धरला. “आता वहिनींचा कुठला दोष तुमास्नी आवडतोय, तेबी सांगा की.”

इतका वेळ खाली बघणाऱ्या आईनं मान वर केली आणि पप्पांकडं बघत राहिली.

पप्पा छाती काढून म्हणाले, “आता कुठला दोष ऱ्हायलाय? फिदीफिदी हसायची, भाकरी थापताना बेसूर गायची, वाटंत भेटंल त्याच्याशी बोलत उभी ऱ्हायची. एकेक खोड मोडून काढली मी.”

सोहळ्यातल्या सर्वांत जास्त टाळ्या याला पडल्या. माझ्या शेजारच्या काकू म्हणाल्या, “नशीब लागतंय गं, बायकोकडं एवढं लक्ष देणारा मिळायला.”

आईनं शालीची घडी घातली. मला मात्र हसू फुटलं, ते पार मंडपाबाहेर ऐकू गेलं.

घरी येताच पप्पांनी सुनावलं, “केवढ्यानं हसतीस? उद्या दुसऱ्याच्या घरी जायचं हाय. आतापासनं सवय लाव.”

“माझं ठरलंय,” मी दोघांनाही सांगितलं. “माझे दोष मी जपणार हाय. आणखी चार वाढवणार. पुढं जो कोण येईल, त्याला प्रेम करायला काहीतरी शिल्लक नको? शाळा-कॉलेज होईस्तोवर भरपूर वेळ हाय. तेवढ्यात असले दोष आवडणारं एखादं स्थळ तुमच्या बघण्यात असंल, तर सांगा.”