परीक्षेचा पेशंट

नौपाड्यातल्या आमच्या इमारतीत नवीन भाडेकरू आला, की टिपणीसकाका स्वतःची ओळख करून देत, "मी टिपणीस. दुसरा मजला. मायट्रल स्टेनोसिस." ऐकणाऱ्याला वाटे, ही परदेशातली एखादी पदवी असावी. काही जण तर "वा!" म्हणत. काकांनाही ते "वा!" रास्तच वाटे.

लहानपणी त्यांना सांधे सुजून ताप आला होता. ताप गेला, पण हृदयाची एक झडप आखडली ती कायमची; मायट्रल स्टेनोसिस म्हणजे हेच. त्या अरुंद झडपेतून जाताना रक्त आवाज करी, आणि तो आवाज म्हणे इतका सुरेख होता, की मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळात डॉक्टरकीच्या परीक्षा आल्या की काकांना बोलावणं येई. विद्यार्थ्यानं पेशंट तपासायचा, रोग ओळखायचा आणि परीक्षकांसमोर घाम पुसत उभं राहायचं. काका त्यातले पेशंट.

परीक्षेच्या दिवशी ते पहाटे आंघोळ करून छातीला पावडर लावत आणि कोरा बनियन घालत. "मुलं आधीच घाबरलेली असतात. त्यात आपला घामाचा वास कशाला?" विद्यार्थी काकुळतीला आला तरी रोगाचं नाव मात्र ते सांगत नसत. "आपण सांगायचं नाही, पण चुकूही द्यायचं नाही," हे त्यांचं तत्त्व. एखाद्यानं स्टेथोस्कोपची नळी भलत्याच जागी टेकवली, तर काका हळूच सरकून योग्य जागा नळीखाली आणत. एखादा थेट छातीलाच भिडला, तर त्याच्या नाकासमोर मनगट धरून खोकत. "घाई नको. आधी नाडी," हे तर ते आम्हालाही ऐकवत. मी एकदा त्यांच्या दाराची बेल लागोपाठ दोनदा वाजवली, तेव्हाही आतून हेच ऐकू आलं.

लग्न त्यांनी केलं नाही. "हे असलं हृदय कोणाच्या पोरीच्या गळ्यात कशाला बांधायचं?" म्हणत. पण "माझी मुलं" हे शब्द सतत तोंडात. माझा एक मुलगा नाशिकला असतो, एक मुलगी अमेरिकेत गेली, असं सांगायचे. ही सगळी परीक्षेत त्यांना तपासून पास झालेली मंडळी.

त्यातली शुभदा ठाण्यातच हृदयाची डॉक्टर झाली होती. महिन्या-दोन महिन्यांनी ती काकांकडे यायची. "कान तयार राहावा म्हणून येते," काका मला समजावत. "हल्ली ते यंत्र आलंय ना, पडद्यावर हृदय दाखवतं. मग ऐकायला शिकतोय कोण? असा आवाज तिला दुसरीकडे मिळणार कुठे?"

एक्याण्णव साल असेल. काकांना जिना चढवेना. पहिल्या मजल्यावर माझ्या दारात थांबून ते संध्याकाळीसुद्धा "पेपर आला का?" विचारत आणि तेवढ्यात दम खाऊन घेत. शुभदानं तपासलं आणि सरळ सांगितलं, "काका, झडप फार आखडलीय. आता थांबलो तर जिवावर बेतेल. छाती उघडायची गरज नाही. मांडीतल्या शिरेतून बारीक नळी वर न्यायची, तिच्या टोकाला फुगा असतो, तो झडपेत फुगवायचा. नवीन पद्धत आहे. दोन-चार दिवसांत घरी."

"फुगा? माझा काय वाढदिवस आहे?" हा काकांचा पहिला बचाव. मग पितृपक्ष निघाला, मग गुडघा, मग "परीक्षा होऊन जाऊ देत". तोवर पायांवर सूज आली.

शेवटी एका रविवारी शुभदा तिच्या लहान मुलीला घेऊन आली. तिनं मलाही वर बोलावलं. आम्ही दोघांनी मिळून काकांना धारेवर धरलं. ते खिडकीबाहेर बघत बसले. मग म्हणाले, "फुगा घातल्यावर आवाज राहतो का गं?"

"नाही काका. जायलाच पाहिजे. थोडाफार राहिला तर राहिला."

"मग मला परीक्षेला कोण बोलावणार? आणि तुम्ही मुलं तरी... साधं हृदय ऐकायला कोण येतं?"

बरं होण्याची भीती वाटणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहत होतो. इतकी वर्षं काकांची थट्टा करत आलो आणि हे कधी लक्षात आलं नाही, म्हणून भडभडून आलं.

शुभदा मात्र चिडली. "काका, इतकी वर्षं मी इथे येते. पोहे खाते, सासूबाईंच्या तक्रारी सांगते, हिला तुमच्यापाशी सोडून बाजार करून येते. ह्या आजारपणाआधी तुमच्या छातीला मी नळी शेवटची कधी लावली होती? सांगा ना!"

काका आठवू लागले. कपाळाला आठ्या घालून पुष्कळ वेळ आठवत राहिले. छोटी तोवर त्यांच्या मांडीवर चढून बसली. काकांना काही आठवलं नाही.

त्यांनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकानं बराच वेळ पुसला.

"फुग्याला शनिवार नको," ते म्हणाले. "बाकी कुठलाही वार सांग."