पाच मिलिमीटर की सात

आमच्या शेजारचे मुकुंदराव शर्टाच्या खिशात पेनाऐवजी मायक्रोमीटर ठेवत. मायक्रोमीटर म्हणजे जाडी मोजायचा छोटासा स्क्रूचा चिमटा. नेपानगरच्या कागदाच्या कारखान्यात त्यांनी बत्तीस वर्षं त्याने कागद मोजला आणि निवृत्त झाल्यावर उरलेलं जग मोजायला घेतलं. लग्नपत्रिका आली की आधी तिची जाडी, मग मुहूर्त. एकदा मी मांडे केले आणि त्यांना जेवायला बोलावलं. घास घेण्याआधी त्यांनी मांडा चिमट्यात धरला. "वहिनी, काठाला आठशे मायक्रॉन, मध्ये सहाशे. एकसारखा नाही आला," म्हणाले आणि चार खाल्ले.

"अंदाज नको, आकडा बोला," हे त्यांचं पालुपद. भाजीवाली म्हणाली, "थोडी कोथिंबीर टाकते," तर ते पिशवी मागे घेत. "थोडी म्हणजे किती काड्या?"

"साहब, तुम्हीच मोजून घ्या. मला अंधार पडायच्या आत घरी जायचंय."

त्या वर्षांत जग एक झालं असं वर्तमानपत्रं लिहीत होती आणि प्रत्येक गल्लीतलं एक तरी पोर परदेशी निघालं होतं. मुकुंदरावांची वैशाली स्कॉटलंडला गेली. तिची आई वारली होती, त्यामुळे घरात मुकुंदराव एकटेच. दर रविवारी तिचा फोन येई. आमच्या दोन घरांत एकच भिंत. ऐकायचं नसलं तरी ऐकू येई. "बरी आहेस?" मग थोडं थांबून, "जेवलीस?" मग "ठेवतो." दीड मिनिटात सगळं आटपायचं. पोरांनो, तुमच्या आजोबांना मी म्हणायची, हे तारेनं बोलले असते तरी चाललं असतं.

मग एका रविवारी फोन पंचवीस मिनिटं चालला आणि लगेच मुकुंदराव आमच्याकडे आले.

वैशाली समुद्रातल्या शिंपल्यांचा अभ्यास करायची. नोकरी पक्की व्हायला तिला पाण्याखाली उतरायची परीक्षा द्यायची होती. त्यासाठी अंगाला घट्ट बसणारा, स्पंजासारख्या रबराचा सूट घालतात. आत शिरलेलं थोडं पाणी अंगाच्या उबेने तापतं आणि माणूस गारठत नाही. भाड्याच्या पातळ सुटात ती बारा मिनिटांत कुडकुडत वर आली आणि नापास झाली. महिन्याभराने दुसरी संधी होती, आणि तीच शेवटची. ती गेली की नोकरीही गेली. या वेळी ती स्वतःचा सूट घेणार होती, पण पाच मिलिमीटरचा की सातचा? पातळ घेतला तर थंडी. जाड घेतला तर कोपर वाकत नाही, शिवाय रबर तरंगतं म्हणून बुडायला जास्त शिसं कमरेला बांधावं लागतं.

"तिनं मला विचारलंय," मुकुंदराव म्हणाले. समुद्र त्यांनी पाहिलेला नव्हता. तापीत ते घोट्यापर्यंत उतरत, तेही काठाचा दगड धरून.

दहा दिवसांनी वैशालीच्या लिफाफ्यातून रबराचे तीन काळे तुकडे आले, तीन, पाच आणि सात मिलिमीटरचे. "पाच लिहिलंय, निघालं चार पॉइंट आठ," त्यांनी भिंतीपलीकडूनच मला कळवलं. मग त्यांनी तुकड्यांच्या टोप्या शिवल्या, तीन बोटांवर चढवल्या, रसवंतीवाल्याकडून बर्फ आणला आणि आमच्या ओसरीवर बादलीत हात घालून बसले. घड्याळ आणि वही माझ्याकडे. मी इंग्रजी शिकवण्यात जन्म घालवलेली बाई, 'मधलं बोट, सहा मिनिटं, मुंग्या' अशा नोंदी नीट तारीख घालून करत होते.

दूधवाला फाटकात थबकला. "काय झालं साहब, हात जळला?"

"मुलगी पाण्यात उतरतेय," मुकुंदराव म्हणाले. दूधवाल्याने माझ्याकडे पाहिलं. मी वहीत पाहिलं.

पुढच्या आठवड्यात नवा मुद्दा निघाला. कागद दाबला की पातळ होतो. मग खोल पाण्याच्या दाबाखाली हे स्पंज तरी पाचाचं पाच कसं राहील? त्यांनी तुकडा पाट्याखाली ठेवला, वर स्वतः उभे राहिले आणि मला वाकून मोजायला लावलं. रविवारी फोनवर चाळीस मिनिटं दाबाचा हिसाब चालला. शेवटी म्हणाले, "अजून फायनल नाही. पुढच्या रविवारी बोलतो."

"अहो, परीक्षा तोंडावर आली," मी चिडून म्हटलं. "एकदाचं सांगून टाका पोरीला."

"घाईत आकडा बोलू नये, वहिनी."

अखेर परीक्षेआधीच्या रविवारी त्यांनी 'सात' म्हणून जाहीर केलं.

परीक्षेच्या दिवशी मी उपम्याचा डबा घेऊन गेले. ते फोनशेजारी खुर्ची टाकून बसले होते, सकाळपासूनच असावेत. फोन वाजला.

"किती मिनिटं?... बोटं हलत होती ना?... बराबर." रिसीव्हर माझ्या हातात देऊन ते खिडकीकडे तोंड करून उभे राहिले.

"काकू, पास झाले," वैशाली म्हणाली. मग आवाज खाली आला. "एक सांगू? सातच घ्यायचा, हे दुकानदारानं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. सूट तेव्हाच घेतला. पण बाबा अर्धा अर्धा तास बोलत होते हो. आई गेल्यापासून एवढं बोलले नव्हते. म्हणून विचारत राहिले. त्यांना नका सांगू."

"नाही सांगत," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

"काय म्हणाली?"

"तुमच्या हिसाबाने पास झाली म्हणाली."

मुकुंदराव खिडकीतून वळले. "कसला हिसाब, वहिनी. तिथलं पाणी अकरा अंश, तिनंच सांगितलं होतं. त्याला सातच लागतं. पहिल्या फोनच्या संध्याकाळीच कळलं होतं मला."

"मग महिनाभर काय चाललं होतं ते?"

ते खुर्चीत बसले. "तेव्हाच सात म्हटलं असतं, तर पुढच्या रविवारी काय बोललो असतो?" मग म्हणाले, "तिला नका बोलू हे."

मी मान हलवली. दोघांच्या गोष्टी इतकी वर्षं मी पोटात ठेवल्या. तुम्ही लांब आहात म्हणून लिहिते आहे.

उपमा निवत होता. मी ताटली पुढे केली, तर त्यांचं लक्ष नव्हतं.

"हातमोजे तिनं भाड्याचेच घातले असतील," ते म्हणाले. "किती मिलिमीटरचे होते, विचारलंच नाही."

आणि ते तिचा नंबर फिरवू लागले.