बाथरूममधला डोंगर

मला वाटलं होतं, मी वर्गात पाऊल टाकीन, 'पृथ्वी' हा शब्द उच्चारीन आणि नववीच्या मुलांचे चेहरे कुतूहलाने उजळतील. प्रत्यक्षात मी 'पृथ्वी' म्हणाले आणि सगळ्यांनी पेनांची टोपणं काढली.

"मॅडम, समास सोडायचा का?"

"लिहायचं नाहीये," मी हसून म्हणाले. "आज आपण नुसता विचार करायचा."

सगळ्यांनी टोपणं लावली. मागच्या बाकावरून समाधानाचा आवाज आला, "ऑफ पीरियड."

मी शिकले दूरदेशी. तिथे नदी शिकवायची तर प्राध्यापक आम्हाला गुडघाभर पाण्यात उभं करत. तीच ज्ञानाची ज्योत घेऊन मी परतले होते. (ज्योत विमानात नेऊ देत नाहीत, पण मी आणली.) भूगोल पुस्तकातून बाहेर काढायचा, एवढंच माझं म्हणणं होतं. मुलांचं म्हणणं, बाहेर काढा, पण परीक्षेआधी परत आत ठेवा.

आमच्या मुख्याध्यापिकांना सगळे मोठ्या बाई म्हणतात. त्या आमच्याच इमारतीत, बरोबर आमच्या खालच्या घरात राहतात. मला फ्रॉकमध्ये असल्यापासून ओळखतात, त्यामुळे जिन्यात 'तू' आणि शाळेत 'तुम्ही' अशी त्यांची पद्धत आहे. शनिवारी त्यांनी मला ऑफिसात बोलावलं.

"तुमच्या तासाला मुलांच्या वह्या कोऱ्या राहतात, अशी पालकांची तक्रार आहे. सोमवारी समोच्च रेषांचा पाठ घ्या. मी मागे बसेन. मग तुम्हाला कायम करायचं की दुसरं कुणी बघायचं, ते ठरवू."

समोच्च रेषा म्हणजे नकाशावर समान उंचीची ठिकाणं जोडणाऱ्या रेषा. पुस्तकात त्या आडव्या चिरलेल्या कांद्यासारख्या दिसतात, आणि मुलांना त्यात कांदाच दिसतो, डोंगर दिसत नाही. तेव्हा मी ठरवलं, आपण वर्गात डोंगरच न्यायचा. मातीचा. त्याच्याभोवती थोडं पाणी ओतायचं, काठाकाठाने खूण करायची, आणखी ओतायचं, पुन्हा खूण करायची. मुलांच्या डोळ्यांसमोर रेषा उमटतील. मोठ्या बाई मागच्या बाकावरून उठून टाळ्या वाजवतील. (हे मी शनिवारी रात्रीच पाहून ठेवलं होतं.)

रविवारी सकाळी घरी रंगीत तालीम सुरू केली. पण डोंगर कंजूषपणाने करता येत नाही. एक सोंड काढली की दुसरी काढावीशी वाटते, दोन सोंडा झाल्या की मध्ये खिंड हवीच. दुपारपर्यंत तो टेबलावर मावेना, मग टबात मावेना. शेवटी मी तो बाथरूममध्ये हलवला आणि पाणी जायच्या जाळीत फडक्याचा बोळा कोंबला.

आई दारात येऊन उभी राहिली.

"हे काय आहे?"

"डोंगर."

"ते दिसतंय. तो उठणार कधी?"

"आई, हे अनुभवातून शिक्षण आहे."

"मग तूच पूस सगळं. तोही अनुभव घे."

तेवढ्यात बाबा खांद्यावर टॉवेल टाकून आले. बाबा निवृत्त कारकून आहेत आणि आंघोळीची वेळ त्यांनी आयुष्यात कधी चुकवलेली नाही. त्या दिवशी माझ्यामुळे ती आधीच टळली होती.

"मी कुठे उभा राहू?"

मी नीट पाहणी केली. "नळाच्या बाजूला मैदानी प्रदेश आहे, तिथे राहा. फक्त पायथ्याला पाणी लागू देऊ नका."

"आंघोळ करू की नको, एवढंच सांग."

मी 'करा' म्हणाले. माझ्या संपूर्ण उच्चशिक्षणात हे एवढं एकच वाक्य चुकलं असेल. माती कच्ची होती आणि कच्च्या मातीला पाणी लागलं की काय होतं, यावर मी परीक्षेत आकृतीसह उत्तर लिहिलेलं आहे. पण ते उत्तर होतं. हे बाथरूम होतं.

आतून पहिला तांब्या ऐकू आला, दुसरा ऐकू आला, आणि मग बाबांचा शांत आवाज: "अगं, तुझी खिंड गेली."

थोड्या वेळाने: "शिखर माझ्या पायावर आलंय."

"बाबा, बोळा काढा," मी बाहेरून ओरडले. त्यांनी काढला. सगळा डोंगर गाळ होऊन जाळीत जाऊन बसला आणि पाणी थांबलं. म्हणजे आत जायचं थांबलं. बाहेर यायला त्याला उंबरा ओलांडायचा होता, तो त्याने ओलांडला. बाबा डोक्याला साबण लावून बाहेर आले आणि आईकडे बघून म्हणाले, "मी काही केलेलं नाही."

संध्याकाळी बेल वाजली. दारात मोठ्या बाई.

"जरा खाली येता का?"

'येता का' ऐकून मी चपला शोधू लागले आणि बाबाही मागे निघाले. घराच्या दारात त्या मला 'तुम्ही' म्हणाल्या होत्या.

त्यांच्या बेडरूमच्या छतावर ओलीचा भला मोठा डाग होता. कडा वाळत आल्या होत्या आणि तपकिरी रेषा उमटल्या होत्या, एकीच्या आत एक, कुठे दूर, कुठे दाट. इतक्या सुबक रेषा मी पाठ्यपुस्तकातही पाहिल्या नव्हत्या. माझं भान सुटलं.

"मोठ्या बाई, अगदी समोच्च रेषा. सांगा बरं, उतार कुठे आहे?"

"माझ्या गादीकडे," त्या म्हणाल्या.

बाबांनी मागून माझी बाही ओढली, पण मला चेव आला होता. डोंगर वाहून गेला हाही पाठच आहे, म्हटलं. उद्या मी समोच्च रेषांऐवजी क्षरण शिकवते, मुलांना झीज प्रत्यक्ष दाखवते.

"क्षरण दुसऱ्या सत्रात आहे."

"पण डोंगर तर आजच झिजला."

"त्याला सत्र माहीत नसेल. तुम्हाला माहीत असायला हवं." मग त्यांनी गादीवरची ओली चादर ओढून काढली. "उद्याचा पाठ मी बघणार आहे. तो शेवटचा ठरू नये, एवढं बघा."

रात्री आईने ताट वाढलं आणि म्हणाली, "मीठ लागलं तर सांग. की अनुभवाने कळेल?"

सकाळी जाग आली तेव्हा नोकरी जाण्याची मला खरोखर भीती वाटली. पगारासाठी नव्हे. मी गेले तर माझ्या जागी येणारी बाई त्या मुलांना कधी कुठल्या डोंगरावर नेणार? आणि मी राहायचं, तर मला आधी कायम व्हायला हवं. क्रांती करायची तर आधी नेमणूकपत्र लागतं, हे तिकडच्या कुठल्याच प्राध्यापकाने सांगितलं नव्हतं. दात घासता घासता मी ठरवलं: आज एक दिवस शरण जायचं. वर्षअखेरपर्यंत जायला लागलं तरी जायचं. मग सगळ्यांना घेऊन खरा डोंगर चढायचा.

मोठ्या बाई मागच्या बाकावर बसल्या. मी गाईड उघडलं आणि म्हणाले, "लिहा. समुद्रसपाटीपासून समान उंचीवर असलेली ठिकाणे जोडणारी, स्वल्पविराम, काल्पनिक रेषा म्हणजे समोच्च रेषा. पूर्णविराम." माना खाली, पेनं सरसर चाललेली. मागे मोठ्या बाई चष्मा पुसून मान डोलावत होत्या.

पहिल्या बाकावरच्या मुलीने ओळ संपवली आणि शेजारणीला कोपराने ढोसलं.

"बघ," ती कुजबुजली, "मॅडमना येतं शिकवता."