हौशीच्या चुलीला बंदी

हवा मोजायचं यंत्र हौशीच्या ओट्यावर बसलं आणि तिच्याच चुलीला बंदी आली.

"काकू, आज पाड्यात कुठंच धूर नाय," सरपंच सावळारामने बजावलं. "नायतर कारखानावाले म्हणतील, काजळी तुमच्या चुलींची."

धसईजवळच्या त्या पाड्यावर ओढ्यापलीकडच्या कारखान्याची काजळी वर्षभर उतरत होती. हौशीची नात रविना खोकून खोकून अर्धी झाली होती. अर्ज करून सगळे थकले, तेव्हा कुठे प्रदूषण मंडळाचे हे साहेब यंत्र घेऊन एसटीने आले. हौशीने निमूट चुलीवर पाणी ओतलं आणि साहेबांना चहाऐवजी ताक-पोहे दिले.

पण कारखानावाले त्याहून शहाणे. त्यांनीही नेमकी आजच भट्टी बंद ठेवली. बारा वाजता हौशीने झाकणाच्या फटीतून डोकावून पाहिलं, तर आतला काजळी टिपणारा कागद धुतल्या धोतरासारखा पांढरा. इतकी स्वच्छ हवा पाड्याने कित्येक वर्षांत घेतली नव्हती. रविनाचा खोकलाही थांबला.

"खोक गो जराशी," हौशी तिच्या कानात म्हणाली. "सायब बघतायत."

तेवढ्यात लोडशेडिंग सुरू झालं आणि यंत्र गप्प झालं.

"पूर्वी आम्ही नुसतं बघून जायचो, आजी," साहेब म्हणाले. "आता कायदा कडक झालाय. आठ तास भरल्याशिवाय कागद काढता येत नाही."

भरले होते दोनच. लाईट काही येईना. मुरबाडची शेवटची एसटी साहेबांना न घेताच गेली. आता तरी चूल पेटवू का, असं हौशीने विचारलं. पण गेलेली लाईट कधी येईल याचा नेम नाही, म्हणून सावळारामने तेही नाकारलं. साहेबांपुढे पुन्हा ताक-पोहे.

तिकडे कारखान्याच्या वॉचमनने अंदाज बांधला, की यंत्राची घरघर थांबली, एसटीही गेली, म्हणजे साहेब गेलेच. बुडालेला दिवस भरून काढायला पहाटेच भट्टी दुप्पट पेटली. लाईट आली, यंत्र पुन्हा घरघरू लागलं. पण भट्टीच्या धडधडीत ते पलीकडे कुणाला ऐकू जाणार? साहेब उठले ते खोकतच.

सहा तासांनी कागद निघाला, तो तव्याच्या पाठीपेक्षा काळा.

साहेबांनी तो पाकिटात घातला, वर सह्या झाल्या. मग लाल डोळे पुसत त्यांनी घोगऱ्या आवाजात विचारलं, "आजी, आता तरी चहा मिळेल?"

हौशीने काडेपेटी उचलली आणि ती थबकली.

"पाकीट नीट चिकटवलंय ना, सायब? नायतर माझा धूर आत शिरंल."