जुजेबाबांचे पाठीराखे

आमच्या शेजारचे जुजेबाबा संतांना शिक्षा करायचे.

मला हे कळलं ते माझी नथ हरवली तेव्हा. अंधेरीला मरोळच्या बाजूच्या एका गावठाणात आम्ही नुकतेच भाड्याने राहायला आलो होतो. जुजेबाबा आमचे घरमालक. त्यांच्या आणि आमच्या खोलीमध्ये एकच भिंत. मी वाकून वाकून अंगण झाडत होते, तर ते रंधा खाली ठेवून म्हणाले, "काय गेला गो बाय?"

मी हळूच सांगितलं. ते आत गेले आणि हातभर उंचीची एक लाकडी मूर्ती घेऊन आले.

"हा सांत आंतोन. हरवलेलं शोधून देणं याचं काम." मग मूर्तीकडे वळून म्हणाले, "आयकलास ना? नथ हाय. नवीन भाडोत्री हाय, आपली लाज राख."

दुसऱ्या सकाळी मी पाहते तर आंतोन खिडकीत भिंतीकडे तोंड करून उभा. जुजेबाबा म्हणाले, "नथ मिळेपर्यंत तो असाच ऱ्हाणार."

नथ पुढे पिठाच्या डब्यात सापडली. मी धावत सांगायला गेले. नथेचा आनंद होताच, पण त्याहून मला त्या मूर्तीची दया येत होती. जुजेबाबांनी तिला सरळ केलं, पुढे जास्वंदीचं फूल ठेवलं आणि म्हणाले, "रागावू नको रे. कामाच्या बाबतीत मी कडक हाय."

स्वतःच्या कामाच्या बाबतीत मात्र ते कडक नव्हते. धंदा सुताराचा, हात असा की त्यांनी बसवलेली खिडकी पावसाळ्यात फुगायची नाही. पण ज्या दिवशी एखाद्या संताचा सण, त्या दिवशी हत्याराला हात लावायचा नाही, आणि त्यांच्या कॅलेंडरात सणांना तोटा नव्हता. आमच्या ह्यांनी एक कपाट करायला दिलं होतं. विचारायला गेले की उत्तर ठरलेलं, "आज कसा होईल? आज सांत लोरेन्स!" हे घरी येऊन मालवणीत चिडायचे, "ह्येंच्या देवांका रोजच सण! मग कपाट कधी होतला?" कपाट झालं शेवटी. आजही त्याचं दार कुरकुरत नाही.

जुजेबाबांचं म्हणणं असं, की प्रत्येक माणसाला आणि प्रत्येक धंद्याला वर एक पाठीराखा असतो. तो कोण हे ठाऊक नसणं म्हणजे पोस्टाच्या पेटीत पत्ता न लिहिता पत्र टाकणं. म्हणून ते आम्हा हिंदू भाडोत्र्यांनाही संत वाटायचे. दूधवाल्याला एक दिला होता, समोरच्या इस्त्रीवाल्याला एक. मढहून मासळी घेऊन येणाऱ्या कोळणीला त्यांनी मासेमारांचा सांत पेद्रू दिला होता. ऐन पावसाळ्यात त्याचा सण यायचा आणि टोपलीत सुके बोंबील असायचे.

"आज तुज्या मालकाचा सण," जुजेबाबा म्हणायचे. "आज तरी स्वस्त दे."

"मालकाचा सण तर भाव चढा नको घ्यायला?" ती टोपली न उतरवता म्हणायची. "तुमच्या पेद्रूला सांगा, पावसात होडी घालून दाव!"

मला त्यांनी वाढदिवस विचारला. तो मला ठाऊक नव्हता. आई एवढंच सांगायची की घरामागच्या फणसाला पहिल्यांदा फणस लागले त्या वर्षीची मी. जुजेबाबा विचारात पडले. मग म्हणाले, "तुला सांत आना. मरियामाईची आय. ती कुठे एक शब्द बोलली असं लिवलेलं नाय. तुज्यासारखीच." त्या वर्षीपासून जुलैत आनाच्या सणाला आमच्या उंबऱ्यावर केळीच्या पानात बांधलेलं काहीतरी गोड यायचं. माझा दिवस साजरा करणारं मला दुसरं कुणी नव्हतं.

माणसांना संत वाटून झाले, मग ते देशाकडे वळले. कॉन्व्हेंटमधल्या एका सिस्टरने त्यांना सांगितलं होतं, की आयरिश लोकांचा पाठीराखा सांत पात्रीक, आणि त्याच्या सणाला तो अख्खा देश हिरवे कपडे घालून नाचतो. तेव्हापासून त्यांना चैन नव्हतं. "एवढासा देश, त्यांना पात्रीक. आपला एवढा मोठा, आपला कोण?" चर्चमध्ये सांगितलेली उत्तरं त्यांना पटत नव्हती. त्यांनी कॅलेंडर पुढे घेऊन स्वतःच शोध लावला. पंधरा ऑगस्टला मरियामाईचा मोठा सण असतो. "त्याच दिवशी इंग्रज गेला. तारीख बघा ना! बाकीचे तुरुंगात गेले, लाठ्या खाल्ल्या, खरा हाय. पण दिवस कुणी काढून दिला?" आणि एक मेला त्यांचा स्वतःचा सांत जुजे, कामकऱ्यांचा, सुतारांचा. "त्याच दिवशी महाराष्ट्र झाला. मुंबईसकट! माज्या जुजेनं वट लावली."

त्यामुळे त्यांच्या अंगणात जानेवारीत सांत बास्त्यावसाठी लावलेल्या पताका सव्वीस जानेवारी होईपर्यंत उतरत नसत. पांढऱ्या-पिवळ्यांच्या मधे मधे तिरंगी चिकटवायचे, की झालं. पंधरा ऑगस्टला झेंडा आणि मरियामाई एकाच वेळी निघायचे, आणि जुजेबाबा टोपी काढून दोघांना मिळून एकच सलाम करायचे.

पण त्यांचा खरा दिवस एक मे. अंगणाच्या कोपऱ्यात जुना दगडी क्रूस होता. संध्याकाळी त्यापुढे मेणबत्त्या लावून लदीन म्हणायचे. लदीन म्हणजे एकाने संतांची नावं ओळीने पुकारायची आणि बाकीच्यांनी प्रत्येक नावाला उत्तर द्यायचं, "आमासाठी विनंती कर." पुकारणारे जुजेबाबा. उत्तराला सगळं गावठाण असायचं, पण सगळ्यांच्या वर एक बारीक, धारदार आवाज जायचा, तो त्यांच्या बायकोचा. रेजिनामावशी. एरवी त्या नवऱ्याला बोलू द्यायच्या नाहीत. "संतांना कामाला लावतो आणि सोता बसतो," म्हणायच्या. पण लदीनला नवऱ्याच्या प्रत्येक हाकेला ओ द्यायच्या. नंतर सगळ्यांना उकडलेले चणे. आम्ही भाड्याच्या खोल्यांतल्या बायका वाट्या घेऊन कडेला उभ्या राहायचो.

रेजिनामावशी एका हिवाळ्यात गेल्या. मुलगा बहरीनला होता, मुलगी वसईला दिलेली. जुजेबाबांनी थोडे दिवस एकही सण केला नाही, मग पुन्हा करायला लागले. उलट जास्तच. आम्हाला वाटलं, म्हातारा सावरला.

तोवर आजूबाजूचं सगळं बदलत होतं. मागे नवीन चाळ झाली होती, तिचं मंडळ झालं होतं, आणि मंडळ एक मेला लाउडस्पीकर लावून कार्यक्रम करणार होतं. जुजेबाबांना कोण आनंद! चणे वाढवून भिजवायचे ठरवून ते मंडळाच्या सेक्रेटरीला, विलासला, आमंत्रण द्यायला सार्वजनिक नळापाशी गेले. "आधी आमचा लदीन, मग तुमचा भाषण. दोनी एकच हाय."

विलास वाईट मुलगा नव्हता. पण नव्या पदाचा थोडा तोरा होता. म्हणाला, "काका, तुमचं तुमच्या घरात चालू द्या ना. हा मराठी माणसाचा दिवस आहे. तुम्ही लोक वेगळे."

"वेगळे?" जुजेबाबा म्हणाले. "अरे, तुजा आजा कोकणातून बोटीनं उतरला ना, तवा इथं रस्ता नव्हता. त्याला बांधावरनं चालायला माज्या आज्यानं शिकवला. नायतर तुमी अजून चिखलात असतंव!"

नळावरच्या बायका हसल्या, विलासही हसला. जुजेबाबा झोकात परत आले. पण त्या दिवशी, संताचा सण नसूनही, त्यांनी काम केलं नाही. रंधा मांडीवर घेऊन नुसते बसून राहिले. मी चहा ठेवला तर म्हणाले, "बाय, येतील ना गो लोकं?"

मी मान हलवली. मला काय माहीत होतं?

एक मेला त्यांनी दुपारपासून चुलीवर हंडा चढवला. क्रूसाला झेंडूच्या माळा घातल्या, तिरंगी पताका लावल्या, सांत जुजेची तसबीर टेबलावर ठेवली. नेमकं त्या दिवशी वसईला मोठं लग्न होतं. गावठाणातली माणसं सकाळीच टेम्पोने गेली होती. चाळीतल्या आणि खोल्यांतल्या बायका मंडळाच्या कार्यक्रमाला. आमचे हे सुट्टी असूनही जादा पाळीला कारखान्यात. ऊन उतरलं. मागे लाउडस्पीकरवर कुणीतरी भाषण करत होतं. जुजेबाबा इस्त्रीचा शर्ट घालून क्रूसापुढे उभे, आणि अंगणात दुसरं कुणी नाही. मी माझ्या दारात.

"ते बंद झाला की येतील," ते म्हणाले.

लाउडस्पीकर बंद झाला. लोक पांगले, आपापल्या घरी गेले. मेणबत्त्या अर्ध्या जळल्या होत्या. शेवटी जुजेबाबांनी घसा खाकरला आणि पहिलं नाव पुकारलं.

"सांता मरिया!"

कोण उत्तर देणार? मग एक बारीक, धारदार आवाज आला, "आमासाठी विनंती कर."

माझ्या अंगावर काटा आला. रेजिनामावशीच! मग पाहिलं, तर जुजेबाबांचेच ओठ हलत होते. पुढचं नाव त्यांनी आपल्या जाड आवाजात पुकारलं, आणि पुन्हा गळा आवळून बायकोच्या आवाजात उत्तर दिलं. जराही अडखळले नाहीत. रोजची सवय असल्याशिवाय असं जमत नाही. एवढे दिवस एका भिंतीपलीकडे ते एकटेच हाक मारत होते आणि एकटेच ओ देत होते.

मी चारचौघांत बोलणारी बाई नाही. चारचौघे तिथे नव्हतेही, तरी उंबऱ्यावरून मी दोनदा मागे फिरले. मी अंगणात उतरले, पदर डोक्यावर घेतला आणि त्यांच्या मागे जाऊन उभी राहिले.

"सांत जुजे!"

"आमच्यासाठी विनंती कर," मी म्हटलं. आवाज चिरका निघाला.

ते वळले नाहीत. पण बारीक आवाज तिथेच थांबला. पुढचं नाव त्यांनी मोठ्याने पुकारलं, त्याच्या पुढचं आणखी मोठ्याने. ते ऐकून नळावरच्या दोघी-तिघी आल्या. त्यांनाही उत्तर पाठ होतं, इतकी वर्षं वाट्या घेऊन ऐकलेलं. थोड्या वेळाने विलासची आई आली, आणि तिच्यामागे खुर्च्या उचलता उचलता विलासही. हातातली खुर्ची खाली ठेवून तो मागे उभा राहिला.

एरवी लदीन चणे गार होण्याआधी संपायचं. त्या दिवशी जुजेबाबा संपवेनात. आंतोन झाला, पेद्रू झाला, बास्त्याव झाला, आना झाली. आयरिश लोकांचा पात्रीकही त्यांनी कामाला लावला. संत पुकारायचे राहिलेच नाहीत, तरी आम्ही उत्तर द्यायला उभेच होतो. त्यांनी कलती मेणबत्ती सरळ केली. मग खाली बघत, एरवी कधी न ऐकलेल्या हलक्या आवाजात म्हणाले,

"रेजिना."

आणि आम्ही सगळ्यांनी उत्तर दिलं.