तंद्रीचा तिसरा पेशंट

"आज माझा पेशंट मरणार नाही म्हणजे नाही!" जेवता जेवता मुलीने जाहीर केलं.

"आधीच्या दोघांच्या वेळीही हेच म्हणाली होतीस," बाबा म्हणाले आणि हात धुऊन झोपायला गेले.

डॉक्टरकी शिकणाऱ्या या मुलीला घरात सगळे तंद्रीच म्हणत. परीक्षा घरबसल्या होती. दूर कॉलेजच्या लॅबमध्ये खाटेवर रबरी पेशंट निजलेला, पोटात तारांचं जंजाळ. तंद्रीने लॅपटॉपवर बघून तोंडी हुकूम सोडायचे आणि खाटेशेजारच्या तंत्रज्ञकाकांनी ते शब्दशः पाळायचे. स्वतःची अक्कल चालवायची सक्त मनाई! सर आपल्या घरून ऐकत गुण देणार.

तंद्रीची अडचण वेगळीच होती. रबरी माणूस दिसला की तिला त्याचं सगळं आयुष्य दिसायचं. पहिल्याला तिने मनातल्या मनात बागेत नेलं, दुसऱ्याबरोबर होडीत बसली. ती परत येईस्तोवर दोघेही थंड! हा तिसरा गेला की वर्षच गेलं.

नेटची लाइन नीट यायची ती फक्त बाबांच्या खोलीत. त्यामुळे इकडे टेबलाशी तंद्री, तिकडे पलंगावर बाबांची वामकुक्षी. कॅमेरा बंद चालेल, माइक मात्र सतत चालू हवा, असा नियम. आणि तंद्रीचा आवाज हुबेहूब आईचा. सख्खी मावशीसुद्धा फोनवर फसायची!

"पेशंट बेशुद्ध आहे, घोरतोय, ऑक्सिजन उतरतोय," सर म्हणाले. "करा सुरू."

खिडकीचा पडदा हलला. उन्हाचा एक तुकडा टेबलावर येऊन निवांत बसला. 'याच्या गच्चीवर कबुतरं असणार,' तंद्रीच्या मनात आलं. 'पांढरी.' झालं! ती जिना चढायला लागली.

ऑक्सिजन नव्वद. पंच्याऐंशी. ऐंशी.

तेवढ्यात आई खोलीत आली. बाबा घोरत होते.

"अहो, काय हे घोरणं! कुशीवर वळा बघू!"

लॅबमध्ये काकांनी पेशंटला कुशीवर वळवलं.

"ती उशी काढा! हनुवटी जरा वर करा!"

काकांनी उशी काढली, हनुवटी उचलली. पेशंटचा घसा मोकळा झाला. ऑक्सिजन सरसर चढला, पंच्याण्णव!

"वा!" सर म्हणाले. "जरब जरा जास्त आहे, पण वा!"

बाबा मात्र ढिम्म.

"ऐकायचंच नाही ना? आता तोंडावर पाणी मारायला हवं!"

काकांनी टेबलावरचा पाण्याचा जग उचलला. पोटात तारा असलेल्या पेशंटवर पाणी! लॅपटॉपवर तो जग दिसला आणि तंद्री गच्चीवरून थेट खाली आली.

"थांबा! पाणी नको!"

काका थांबले. पेला उचललेली आईही थांबली. बाबा दचकून उठून बसले.

"शाब्बास! चूक वेळेवर सुधारलीत," सर म्हणाले. "आणखी दोन मिनिटं पेशंट जगवा, की पास!"

तंद्रीला राहवेना. "सर, आधीचे हुकूम आईने सोडले होते. बाबांसाठी. फक्त 'थांबा' माझं."

पलीकडून सरांनी कागद उलटल्याचा आवाज आला.

"वाचला तो त्या 'थांबा'मुळेच. चालेल," सर म्हणाले. मग आवाज खाली उतरवून, "आई आहेत का जवळ? कुशीवर वळूनही घोरणं थांबत नसेल, तर काय करावं हो? घरात फार बोलणी खावी लागतात."

तंद्रीला इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू! पडदा पुन्हा हलला. गच्चीवर तिचा पेशंट आता ठणठणीत बरा होऊन दाणे टाकत होता, कबुतरं त्याच्या खांद्यावर बसत होती.

"सांगितलं ना मघाशी," दारातून आईचं खणखणीत उत्तर गेलं. "तोंडावर पाणी मारा!"

काकांनी निमूटपणे जग उचलला आणि उपडा केला. मॉनिटर एकदाच चिरकला आणि गप्प झाला.

गच्चीवर कुठूनसे थेंब पडायला लागले. तंद्रीने पेशंटला प्रेमाने विचारलं, "आजोबा, छत्री आणू का?"