डोंगराचा कंडक्टर

आमच्या वाडीमागच्या म्हसोबाच्या डोंगरावर जायचं तर आधी काडेपेटी जमा करावी लागते. हा नियम सरकारचा नाही, गणपाअण्णांचा आहे.

अण्णा एसटीत कंडक्टर होते. रिटायर झालेली आमच्या माण तालुक्यातली माणसं सहसा पारावर बसतात. अण्णा डोंगराच्या पायथ्याला बसले, गळ्यात चामडी पिशवी आणि शिट्टी अडकवून. काडेपेटी, लायटर, विडीबंडल, जे असेल ते पिशवीत टाकायचं आणि उतरताना परत घ्यायचं. एकदा नवं जोडपं देवदर्शनाला आलं, तर अण्णांनी नवरदेवाच्या कोटाचे खिसे तपासले.

"आवं, मी नवरा हाय," तो म्हणाला.

"असशील. वणव्याला नवरा काय न् करवला काय, सारखंच. चल, पुढं सरक."

देवापुढं अगरबत्ती लावायला परवानगी होती, पण ती विझेपर्यंत अण्णा पाण्याचा तांब्या घेऊन मागं उभे. म्हसोबालाही थोडं अवघडल्यासारखं होत असावं.

'पुढं सरका' हे त्यांचं सगळीकडचं वाक्य. पंगतीत, रेशनच्या रांगेत, एवढंच काय, मयतीच्या गर्दीतसुद्धा.

पण हा डोंगर एके काळी पार बोडका होता, हे सांगायला हवं. गावानं चर खणले, झाडं लावली, बायकांनी दोन उन्हाळे डोक्यावरून पाणी घातलं. मग ग्रामसभेत ठरलं की कुऱ्हाड बंद आणि चराई बंद. वन समिती झाली आणि अक्षर बरं म्हणून मी, शाळामास्तर, तिचा सचिव झालो.

त्या सभेत फक्त हौसाक्का उठली. नवरा गेलेला, दोन्ही पोरं मुंबईला, घरात ती आणि तिची दोन शेरडं.

"माझ्या दोन शेरडांनी डोंगर खाल्ला व्हय?" तिनं विचारलं.

आम्ही सगळे खाली बघत बसलो. बोलले ते अण्णाच.

"आक्का, येकाला फुकट बसवलं की समदी गाडी फुकट बसती. आज दोन, उद्या दोनशे. नियम म्हंजे नियम."

त्या दिवसापासून हौसाक्का अण्णांशी बोलायची बंद झाली. ते समोरून आले की ती शेरडाला म्हणायची, "चल बाई घरात, कंडक्टर आला." अण्णा ऐकून न ऐकल्यासारखं करत पुढं जायचे.

यंदा फाल्गुनात, भर दुपारी, पलीकडच्या शिवारात कुणीतरी बांध पेटवला आणि वारं फिरलं. बघता बघता आग डोंगराला लागली. अण्णांची शिट्टी अख्ख्या वाडीत ऐकू आली. होतं नव्हतं ते माणूस लिंबाच्या ओल्या डहाळ्या घेऊन धावलं. अण्णा आम्हाला रांगेत उभं करून झोडपायला लावत होते, "पुढं सरका, पुढं सरका." हौसाक्काही आली होती. ती डहाळी उगारून थेट जाळाकडे निघाली, तेव्हा मात्र ते म्हणाले, "आक्का, मागं सरा." त्यांच्या तोंडून 'मागं' हा शब्द मी पहिल्यांदाच ऐकला.

तासा-दीड तासानं आग आटोक्यात आली. खालचा उतार काळा पडला, वरचं रान वाचलं. अण्णांच्या चपला वितळल्या होत्या. माणूस अनवाणीच निखाऱ्यांतून फिरत राहिला होता. डॉक्टरांनी दोन्ही तळव्यांना पट्ट्या बांधल्या आणि खाटेवरून उठायचं नाही म्हणून सांगितलं.

चौथ्या दिवशी हौसाक्का शाळेच्या दारात उभी.

"मास्तर, समितीचा चारा तीन दिस झालं आला न्हाई."

"कसला चारा?"

"आसं काय करता? तुमी चराई बंद केली, तवापास्नं रोज पहाटं दारात पाल्याचा भारा पडतुय. समितीबिगर कोण टाकंल?"

समितीची अशी कसलीच योजना नव्हती. ती मी लिहिली असती ना. पण तीन दिवसांपासून गावात एकच गोष्ट बदलली होती. मी शाळा सुटल्यावर अण्णांच्या घरी गेलो.

अण्णा आढ्याकडे बघत पडले होते. मी चाऱ्याचं विचारलं.

"माझ्या बांधावर शेवरी हाय," ते म्हणाले. "येवढं चार दिस तुमी टाका. आन् तिला सांगू नगा. समितीचं हाय म्हणून घेती. माझं म्हणल्यावर शेरडं उपाशी ठिवंल, पर घेयाची न्हाई."

दुसऱ्या दिवशी पहाटे मी विळा घेऊन गेलो. जमेल तशी शेवरी कापली, भारा बांधला आणि पाय न वाजवता हौसाक्काच्या दारात टाकला. वळतोय तोच दार उघडलं. तिनं वाकून एक डहाळी हातात घेतली, बोटानं पानं चाचपली.

"लय जून पाला आणलासा, मास्तर. त्यो कवळा कवळा बघून आणतो."

ती डहाळी शेरडापुढं धरून तिकडंच बघत म्हणाली,

"त्येचं पाय कवा बरं हुतील?"